लाइव्ह अकूस्टिक आणि लॉसलेस: नाशिककर श्रोत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदिरानगरला आमच्याकडे अधूनमधून रविवारी चार-पाच जण गाणी ऐकायला जमतात. पॉप गायकांची लाइव्ह, विशेषतः फक्त गिटार किंवा पियानोवरची रेकॉर्डिंग हा आमचा आवडीचा माल. नवा माणूस आला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली आहेत. उदाहरणं पॉपची असली तरी शास्त्रीय किंवा भावगीतं ऐकणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

लॉसलेस म्हणजे नक्की काय?

सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिलेलं असतं. दोन चॅनेल धरले की सेकंदाला १,४११ किलोबिट होतात. एमपी-थ्री किंवा एएसी प्रकारची लहान फाईल करताना, जे कानाला ऐकू येणार नाही असा अंदाज असतो ते टाकून देतात. टाकलेलं परत येत नाही. लॉसलेसमध्ये टाकत काहीच नाहीत, फक्त घट्ट बांधतात. ऐकताना गाठोडं सोडलं की मूळ आकडान् आकडा जसाच्या तसा हातात येतो.

फ्लॅक हा लॉसलेस फाईलचा प्रकार २००१ पासून आहे, खुला आणि फुकट. अ‍ॅपलचा अलॅक २००४ मधला, तोही २०११ साली खुला झाला. दोघांच्या आवाजात फरक शून्य. आयफोनवाल्यांनी अलॅक घ्यावा, बाकीच्यांनी फ्लॅक, विषय संपला. फ्लॅक बनवताना ० ते ८ असे आकडे दिसतात त्यांनाही फसू नका. ते आवाजाचे दर्जे नाहीत. ८ निवडलं की संगणक जास्त वेळ खपतो आणि फाईल किंचित लहान होते, एवढंच.

मग हा खटाटोप लाइव्ह अकूस्टिकसाठीच का? साध्या गाण्यांना का नाही?

करा की, कोणी अडवलंय. पण स्टुडिओतलं आजचं पॉप गाणं आधीच पुष्कळ दाबलेलं असतं. हळू आवाज वर खेचलेले, मोठे खाली आणलेले, वर सिंथेसायझरचे थर. त्या गर्दीत एखादी बारीक गोष्ट हरवली तर कळतही नाही. एक आवाज, एक गिटार आणि मधली शांतता असली की लपायला जागाच उरत नाही. कडव्याआधी घेतलेला श्वास, जाड तारेवरून बोट सरकताना होणारी ‘चुईं’, कापो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावताना वाजलेली क्लिप, गायिकेचं ओठ माइकला जरा जास्तच जवळ नेणं, हे सगळं गाण्याचाच भाग होऊन बसतं.

यात एक तांत्रिक गोम आहे. एमपी-थ्री आवाजाचे छोटे तुकडे पाडून काम करतं. एक चौकट १,१५२ नमुन्यांची (नमुना म्हणजे वर सांगितलेलं एक माप), म्हणजे सीडीच्या वेगाने साधारण २६ मिलिसेकंदांची. आता समजा या चौकटीचा पहिला अर्धा भाग शांत आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात तार खाडकन छेडली. बचत करताना झालेली चूक पूर्ण तुकड्यावर पसरते, आणि शांत भागातसुद्धा तार वाजण्याआधी हलकीशी खरखर येते. याला प्री-एको म्हणतात. चांगले एन्कोडर, म्हणजे फाईल बनवणारे प्रोग्राम, अशा जागा ओळखून तुकडे आणखी लहान करतात, त्यामुळे जास्त बिटरेटला (सेकंदाला जास्त किलोबिट दिले की) त्रास बहुतेक दिसेनासा होतो. १२८ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटला, मात्र तारेची धार बोथट झालेली कळते.

टाळ्यांचं दुखणं याहून मोठं. शेकडो माणसं, प्रत्येकाची टाळी वेगळ्या क्षणी, एकमेकींशी काही ताळमेळ नाही. कमी बिटरेटला त्याचं पावसासारखं काहीतरी होतं, पाण्यात बुडवल्यासारखं. एमपी-थ्रीच कशाला, फ्लॅकलाही टाळ्या जड जातात. फ्लॅक मागच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना ताडतो आणि ताडताना चुकलेला फरक तेवढा लिहून ठेवतो. गिटारचा लांब सूर ताडता येतो. टाळी कशी ताडणार? म्हणून एकाच अल्बममध्ये संथ गाण्याची फाईल लहान आणि शेवटच्या जल्लोषाची मोठी निघते. फरक इतकाच की फ्लॅक जागा जास्त खातो पण टाळी पूर्ण देतो.

खरं सांगा, फरक ऐकू येतो का?

३२० केबीपीएसचं नीट बनवलेलं एमपी-थ्री आणि फ्लॅक यांतला फरक बहुतेक लोकांना, बहुतेक गाण्यांत, ऐकू येत नाही. मलाही येत नाही. ज्यांना ‘लगेच कळतं’ त्यांना आम्ही फुबार२००० या संगणकावरच्या प्लेयरमधल्या एबीएक्स चाचणीसमोर बसवतो. पडद्यावर अ, ब आणि क्ष. क्ष हा अ आहे की ब, एवढंच ओळखायचं, पुन्हा पुन्हा. दोनच मिनिटांत खोलीतला आत्मविश्वास उतरलेला असतो.

चाचणी घेताना दोन्हींचा आवाज एकसारखा ठेवा. जरासा मोठा वाजणारा तुकडा कानाला ‘चांगला’ वाटतो. जाणूनबुजून कोणी फसवत नसतं, कानाचा स्वभावच तसा. फाईली वेगवेगळ्या ठिकाणच्या असतील तर तुलनेला काही अर्थ नाही. एकाच फ्लॅकमधून एमपी-थ्री स्वतः बनवा आणि मग तुलना करा. एका अ‍ॅपवर रीमास्टर केलेली (आवाज नव्याने जुळवलेली) प्रत आणि दुसऱ्यावर जुनी, आणि श्रेय मात्र लॉसलेसला, असं फार होतं.

तरीही मी लॉसलेस ठेवतो ते दोन कारणांनी. एक, मूळ प्रत हाताशी असली की तिच्यातून फोनसाठी, गाडीसाठी, उद्या येईल त्या नव्या यंत्रासाठी कितीही लहान प्रती काढता येतात. एमपी-थ्रीवरून पुन्हा एएसी काढलं की घसारा चढत जातो. दुसरं कारण खालच्या प्रश्नात.

दोन गाण्यांच्या मध्ये टाळ्या तुटतात. फाईल खराब आहे का?

बहुधा नाही. एमपी-थ्री बनवताना सुरुवातीला आणि शेवटी थोडे कोरे नमुने भरले जातात. किती भरले हे चांगला एन्कोडर फाईलमध्ये लिहून ठेवतो आणि चांगला प्लेयर ते वाचून कापतो. दोघांपैकी एक जरी आळशी असला की टाळ्यांच्या मधोमध उचकी लागते. स्टुडिओ अल्बममध्ये हे खपतं, कारण तिथे गाण्यानंतर शांतताच असते. लाइव्हमध्ये मात्र एका गाण्याच्या टाळ्यांतूनच पुढच्या गाण्याची पहिली तार निघते, म्हणून उचकी कानाला खुपते. फ्लॅकमध्ये हे कोरे नमुने नसतातच. माझ्या मते लाइव्ह ऐकणाऱ्यासाठी लॉसलेसचा सर्वांत हमखास ऐकू येणारा फायदा हाच, आणि त्याची जाहिरात कोणीच करत नाही.

प्लेयरमधलं क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरत असतानाच पुढचं सुरू करणारी सोय, बंद करा. शफल तर आधी बंद करा. ब्रिटिश गायिका अडेलचा २०११ च्या सप्टेंबरमधला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचा कार्यक्रम शफलवर लावून बघा. गाण्यांच्या मध्ये बाई मनमुराद गप्पा मारतात, हसतात, प्रेक्षकांना चिडवतात. शफलमध्ये गप्पा एका गाण्याच्या आणि गाणं दुसरंच.

अनप्लग्ड म्हणजे विजेशिवाय ना?

नावापुरतं. अमेरिकेत एमटीव्हीचा अनप्लग्ड कार्यक्रम १९८९ मध्ये सुरू झाला तेव्हा कल्पना साधी होती: इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवा आणि गाऊन दाखवा. माइक, मिक्सर, टेप सगळं विजेवरच. १९९३ च्या न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात निर्वाणा या रॉक बँडच्या कर्ट कोबेनची अकूस्टिक गिटारसुद्धा अ‍ॅम्प्लिफायरमधून जात होती, फक्त तो प्रेक्षकांना दिसू नये असा झाकलेला होता. आपल्याकडे एमटीव्हीचा भारतीय अनप्लग्ड २०११ मध्ये आला, पुढच्या वर्षी ए. आर. रहमान यांचाही भाग झाला. तिथे वाद्यांचा ताफा पाहिला तर ‘एक गिटार, एक स्टूल’ ही समजूत गळून पडते.

पॉपपुरतं बोलायचं तर अमेरिकन गायिका मराया केरीचं १९९२ चं अनप्लग्ड आवर्जून ऐका. १६ मार्च १९९२ ला न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड झालं, सातच गाणी आहेत. ही बाई स्टुडिओतच गाते, लोकांसमोर उभी राहत नाही, अशी तेव्हा कुजबुज होती. मागे कोरस आणि तंतुवाद्यं असूनही तिचा श्वास, वरच्या सुराला जातानाची तयारी आणि प्रेक्षकांचा चकित झालेला आवाज स्पष्ट येतो. चांगल्या हेडफोनवर कोरसमधले आवाज डावीकडून उजवीकडे पसरलेले जाणवतात.

एक तक्रार नेहमी येते: “लॉसलेस घेतलं तरी गिटार प्लॅस्टिकची वाटते.” ती तशीच आहे हो! कार्यक्रमात गिटारचा आवाज पुष्कळदा घोडीखाली बसवलेल्या, तारांचा कंप पकडणाऱ्या पिएझो पिकअपवरून घेतात, कारण समोर माइक ठेवला की स्पीकरचा आवाज त्यात शिरून शिट्टी वाजते. पिएझोला लाकडाचा आवाज कमी आणि तारेचा ‘टक’ जास्त मिळतो. लॉसलेस तो ‘टक’ इमानेइतबारे तुमच्यापर्यंत पोचवतं. रेकॉर्डिंग करणाऱ्याने जे पकडलंच नाही ते कोणतीही फाईल देणार नाही. चांगल्या माणसाने माइक लावलेलं २५६ केबीपीएसचं रेकॉर्डिंग मी वाईट मिक्सच्या फ्लॅकपेक्षा कधीही पसंत करीन.

ब्लूटूथ हेडफोनवर लॉसलेस चालतं का?

वाजतं, पण लॉसलेस म्हणून पोचत नाही. फोन आधी फ्लॅक उलगडतो आणि मग हवेतून पाठवण्यासाठी एसबीसी, एएसी किंवा एलडॅक यांपैकी एका पद्धतीने पुन्हा दाबतो. एलडॅक जास्तीत जास्त ९९० केबीपीएसपर्यंत जातो, तोही लॉसी, म्हणजे काहीतरी टाकून देणारा. अ‍ॅप्टएक्स लॉसलेस नावाचं एक आहे, पण त्यासाठी फोन आणि हेडफोन दोघांनीही तेच बोलायला हवं. तुमचे इअरबड चांगले असतील तर ऐका खुशाल, फक्त लॉसलेसच्या नावाखाली डेटा जाळू नका.

वायरचे हेडफोन आहेत, पण फोनला भोकच नाही. एम.जी. रोडवरून पिन आणली, आवाजच येत नाही.

हा किस्सा जवळपास प्रत्येकाचा. काउंटरवर ‘टाइप-सी टू थ्री पॉइंट फाइव्ह’ मागितलं की दोन प्रकारच्या दिसायला सारख्या पिना मिळतात. एकीत डॅक असतो, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप. दुसरीत नुसत्या वायरी असतात, आणि ज्या फोनमधून त्या वाटेने आवाज बाहेर येतो त्यालाच ती चालते. दुकानदाराला “डॅकवाली द्या” असं म्हणा आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच स्वतःच्या फोनला लावून गाणं वाजवून बघा. अ‍ॅपलची छोटी टाइप-सी पिन २४ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत (सेकंदाला ४८,००० मापं) चालते, आणि लाइव्ह अकूस्टिकला तेवढं रग्गड आहे.

अँड्रॉइडची एक खोड लक्षात ठेवा. बरेच फोन बाहेर जाणारा आवाज स्वतःच ४८ किलोहर्ट्झला बदलून पाठवतात. जीव अडकलाच असेल तर यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रोसारखी अ‍ॅप हा टप्पा टाळून थेट डॅकशी बोलतात. मी वापरतो, पण नाही वापरलं तर रात्रीची झोप उडण्यासारखं काही नाही.

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ घ्यावं का?

नको. १६ बिटांत साधारण ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, आणि प्रेक्षक बसलेल्या सभागृहाची स्वतःचीच कुजबुज त्याच्या कितीतरी वर असते. ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज मावतात. चाळिशी ओलांडलेल्याने १५ च्या पुढचं ऐकून दाखवावं, चहा माझ्याकडून. २४ बिटांचा खरा उपयोग रेकॉर्ड करणाऱ्याला, पातळी जरा चुकली तरी सावरायला जागा राहते म्हणून.

नाशिकमध्ये ऐकायला चांगली वेळ कोणती?

डिसेंबर-जानेवारी. थट्टा नाही. लाइव्ह रेकॉर्डिंगची खरी मजा सूर संपल्यानंतर सभागृहात विरत जाणाऱ्या आवाजात असते. कालिदास कलामंदिरात मागच्या रांगेत बसून गाणं संपल्यावरचा तो अर्धा क्षण आठवा. हा सगळा ऐवज अगदी हळू असतो, आणि घरातला छताचा पंखा तो पहिल्या फटक्यात गिळतो. थंडीत पंखा बंद, खिडक्या बंद, रस्ताही लवकर निजतो. सुराची जी विरणारी शेपटी मे महिन्यात फ्लॅकमध्येही ऐकू येत नव्हती ती जानेवारीत एमपी-थ्रीमध्येही ऐकू येते. नव्या डॅकसाठी पैसे काढण्याआधी पंखा बंद करून ऐका.

गणपतीच्या दहा दिवसांत मात्र नाद सोडा. नाशिक ढोल रस्त्यावर असताना घरात बसून कोणाची कुजबुज ऐकणार? खाली उतरा.

स्पीकरवर ऐकणाऱ्यांसाठी: नव्या फ्लॅटमध्ये खाली टाइल्स, भिंती उघड्या, आणि हॉलमध्ये टाळी वाजवली की ‘टण्ण’ असा आवाज घुमतो. रेकॉर्डिंगच्या सभागृहावर तुमच्या हॉलचा घुमारा चढतो आणि दोन्ही खराब होतात. जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांचं कपाट, भिंतीशी रचलेल्या गोधड्या, काहीही चालेल. रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ चा. तिथल्या घुमटाचा प्रतिध्वनी इतका त्रासदायक होता की १९६९ मध्ये छताखाली फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगाव्या लागल्या. आज त्यांना सगळे ‘मशरूम’ म्हणतात. तुमचं काम सतरंजीत भागतंय.

डेटा किती जातो? पंचवटी एक्सप्रेसमध्ये रोज ऐकायचं आहे.

अ‍ॅपलच्या हिशेबाने तीन मिनिटांचं गाणं २५६ केबीपीएसला ६ एमबी, २४ बिट-४८ किलोहर्ट्झ लॉसलेसला ३६ एमबी आणि २४ बिट-१९२ ला १४५ एमबी. सीडीच्या दर्जाचं फ्लॅक या दोन्ही लॉसलेसपेक्षा बरंच लहान, सीडीवरच्या मूळ आकाराच्या साधारण अर्ध्यावर किंवा थोडं पुढे.

पण डब्यात बसून लॉसलेस कशाला? चाकांचा खडखडाट, चहावाला, शेजारची पत्त्यांची बैठक. तिथे आवाज दाबणारे ब्लूटूथ हेडफोन आणि साधी एएसी प्रत उत्तम. इगतपुरी सोडलं की कसारा घाटात नेटवर्क तसंही दगा देतं, म्हणून आदल्या रात्री वायफायवर उतरवून ठेवा.

कायदेशीर लॉसलेस कुठून मिळवायचं?

अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ पासून लॉसलेस जादा पैसे न घेता दिलं आहे, मात्र सेटिंगमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावं लागतं. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये ते जाहीर केलं. तुमच्या प्लॅनमध्ये येतं का ते पैसे भरण्याआधी तपासा. फाईल स्वतःची हवी तर बँडकॅम्पवर विकत घेतलेलं संगीत फ्लॅकमध्ये उतरवता येतं, आणि छोट्या गायकांचे लाइव्ह कार्यक्रम तिथे चांगले सापडतात.

एक खजिना फुकटचा आहे. इंटरनेट आर्काइव्हवर २००२ पासून लाइव्ह संगीताचा संग्रह आहे. ज्या कलाकारांनी प्रेक्षकांना रेकॉर्ड करायला आणि बिनपैशांनी वाटायला परवानगी दिली, त्यांचेच कार्यक्रम तिथे असतात. गिटारवाल्या गोड पॉपची आवड असेल तर जॅक जॉन्सनपासून सुरुवात करा. ही रेकॉर्डिंग बहुधा प्रेक्षकांत माइक उभारून केलेली असतात, त्यामुळे कोणाचं खोकणं, कोणाचं बेसूर साथ देणं फुकट मिळतं. मला आवडतं. मिक्सरमधून थेट घेतलेलं रेकॉर्डिंग स्वच्छ असतं पण कोरडं, सभागृह त्यात नसतंच.

टेलिग्रामवर ‘फ्लॅक’ मिळालं. खरं की खोटं?

परवानगीचा प्रश्न आधी, पण समजा तुम्ही कुठूनतरी विकतही घेतलंत, तरी तपासणी सारखीच. स्पेक नावाच्या फुकट प्रोग्रामात फाईल टाका. रंगीत आलेख येईल. खरी सीडी प्रत असेल तर रंग साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंत वर विरत जातो. सुरीने कापल्यासारखा १६ ला थांबला असेल तर ते मूळचं १२८ केबीपीएसचं एमपी-थ्री. १९-२० च्या आसपास कापलेलं असेल तर जास्त बिटरेटचं. गिटार-आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये मुळातच वर फार काही नसतं, म्हणून आलेख टाळ्यांच्या जागी बघा. तिथे सगळ्या पट्ट्यांत आवाज असतो आणि कात्री चटकन दिसते. यूट्यूबवरून उतरवून फ्लॅक केलेल्या फाईलचंही तेच. डबा मोठा, आत तेवढाच भात.

घरी जुन्या सीडी आहेत. काय करू?

फेकू नका आणि कोणाला देऊ नका! एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम सीडी जपून वाचतो आणि अ‍ॅक्युरेटरिपच्या मदतीने तुमची प्रत इतरांच्या प्रतींशी ताडून बघतो. सीडी ड्राइव्ह नव्या लॅपटॉपला नसतो, बाहेरून लावायचा घ्या. पृष्ठभागावर बुरशीचे ठिपके असतील तर मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका.

कॉलेज रोडच्या कॅफेत ओपन माइकला मैत्रीण गाते. फोनवर लॉसलेस रेकॉर्ड करता येईल का?

येईल. पण आधी तिला विचारा, आणि कॅफेवाल्यालाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क आहे. मैत्री असली तरी न विचारता वर चढवू नये.

फोनमधलं नेहमीचं रेकॉर्डर बहुधा एएसी करतं, म्हणून डब्ल्यूएव्ही (न दाबलेली फाईल) देणारं अ‍ॅप घ्या, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. पातळी आपोआप वरखाली करणारी सोय बंद करा, नाहीतर प्रत्येक ओळीनंतर कॉफी मशीन गर्जना करत वर येईल. सर्वांत मोठ्या आवाजाला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. फोन टेबलावर ठेवू नका, कप ठेवल्याचे धक्के थेट माइकमध्ये जातात; घडी केलेल्या रुमालावर ठेवा किंवा छोटा स्टँड वापरा. स्पीकरच्या अगदी समोर बसू नका आणि भिंतीलाही टेकू नका. पहिलं गाणं चाचणीसाठी धरा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तिच्या सर्वांत चांगल्या ओळीवर तुमच्या आईचा फोन येईल.